मानेखालचा हात

मिरजेच्या यमुनाबाई रुग्णालयात, स्त्रियांच्या वॉर्डात सकाळी पाठ पुसायची वेळ झाली, की खाटाखाटांवरून एकच विनवणी ऐकू येते. "सिस्टर, माझी उशी जरा आपटा हो." नर्स उशी उचलते, गादीवर दणकन आपटते आणि पेशंटचं डोकं तिच्यावर टाकते. ठेवत नाही, टाकते. जिचं डोकं असं टाकलं गेलं ती बाई समाधानानं डोळे मिटते. शेजारच्या खाटेवरची मात्र आपली पाळी येईपर्यंत नर्सच्या हातांवरून नजर हलवत नाही.

मिरजेला पहिल्यांदा आलेला माणूस हे बघून चक्रावतो. "अहो, काय रानटीपणा हा!" म्हणत तो नर्सच्या अंगावर धावून जातो, तेव्हा त्याचाच पेशंट त्याला गप्प करतो. "असू दे रे. जोरात आपटली म्हणजे मी बरी होणार."

ही वेळ का आली ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं. आणि हेही आधीच सांगायला हवं, की यात कुणाचा हेतू वाईट नव्हता.

नर्सचं शिक्षण म्हणजे काय, हे ज्यानं अंथरुणावर महिने काढलेत त्यालाच नीट ठाऊक. पुस्तकात सगळं लिहिलेलं असतं. निजून असलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. टाचा आणि माकडहाड रोज तपासावं. चादरीला सुरकुती राहू देऊ नये. अंग पुसायच्या पाण्याची ऊब कोपराच्या आतल्या बाजूनं बघावी. नाडी पुरतं एक मिनिट मोजावी. पोरी हे पाठ करतात, परीक्षेत झोकात लिहितात, आणि वॉर्डात चाळीस खाटा बघितल्या की हबकतात. कूस बदलताना पेशंटचा हात त्याच्याच अंगाखाली अडकतो, पाणी गार होतं, चादरीची घडी पाठीला रुतते. डोक्यातलं ज्ञान हातात उतरायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि तेवढ्या वर्षांत किती पाठींना जखमा होतात त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

डॉ. फरीदा नदाफ यांच्या आईच्या पाठीला अशी जखम झाली होती. फरीदाबाई मेंदूच्या शास्त्रज्ञ. सायकल कशी चालवायची हे कुणाला बोलून शिकवता येत नाही, पण एकदा आली की जन्मात विसरत नाही, ही गोष्ट आपण सगळेच जाणतो. ही शब्दांपलीकडची शिकवण डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत साठते. फरीदाबाईंनी तिला 'हस्तस्मृती' असं नाव दिलं आणि प्रश्न केला, की एका माणसाची हस्तस्मृती उचलून दुसऱ्याच्या लहान मेंदूत ठेवता येईल का? बारा वर्षांनी उत्तर मिळालं, येते.

उचलायची कुणाची, याबद्दल वाद झाला नाही. मार्था उजगरे या सिस्टर अडतीस वर्षं यमुनाबाई रुग्णालयात होत्या, आणि त्यांच्या पाळीत कुणाच्या पाठीला जखम झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. चौदा महिने त्यांनी डोक्यावर पातळ जाळीची टोपी घालून काम केलं, आणि प्रत्येक हालचालीच्या वेळी त्यांच्या लहान मेंदूत काय चालतं ते त्या टोपीनं टिपून घेतलं, आणि खाटेपाशी त्यांचे हात काय करतात त्याचं चित्रणही होत राहिलं. मग विद्यार्थिनींना तशाच टोप्या घालून झोपवायचं. चाळीस झोपांमध्ये ते सगळं हळूहळू त्यांच्यात झिरपायचं. जागी झालेल्या पोरीला काही नवीन आठवायचं नाही. पण खाटेपाशी उभी राहिली की हात आपोआप चालू लागायचे, आणि ते मार्थाबाईंचे असायचे.

सहा वर्षांत राज्यातल्या अकरा हजार पोरींना हे हात मिळाले. पाठीच्या जखमा दिसेनाशा झाल्या. फरीदाबाईंचे सत्कार झाले, त्यांना शालींचा ढीग मिळाला. आणि मग बाबालाल शिकलगार नावाच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरचा पाय मोडला.

बाबालालमामा अडीच महिने पुरुष-वॉर्डात पाय टांगून पडून होते. वाचायची आवड नाही, बोलायला माणूस नाही. बघण्यापलीकडं त्यांना उद्योग नव्हता. एक दिवस त्यांनी इन्चार्ज पाटोळे सिस्टरना जवळ बोलावलं.

"सिस्टर, ती बारा नंबरची खाट. आज पोरीनं त्येच्या मानेखाली हात घातला. सावकाश डोकं खाली ठिवलं, आन हात तीन श्वास तसाच ठिवला."

"मग? चांगलं आहे की."

"बाकी कुणाला न्हाई ठिवत. आमची उशी एका हातानं सारती न् जाती. त्येच्या आदी सतरा जणांच्या मानेखाली हात ग्येला. सतराच्या सतरा आठवड्यात ग्येले." मग मामा म्हणाले, "चौतीस वर्सं कंडक्टरकी केल्या सिस्टर. कोण कुठल्या स्टॉपला उतरणार, ते मला तिकीट न बघता कळतंय. तुमच्या पोरींस्नी बी कळतंय. फकस्त त्यांस्नी म्हाईत न्हाई."

पाटोळे सिस्टरनी त्यांना दटावलं, पण बारा नंबरची खाट चौथ्या दिवशी रिकामी झाली, आणि त्यांनी ती गोष्ट फरीदाबाईंच्या कानावर घातली.

फरीदाबाईंनी मार्थाबाईंचं चौदा महिन्यांचं चित्रण पुन्हा तपासलं. मामांचं म्हणणं खरं होतं. ज्यांच्या मानेखाली तो हात गेला होता, त्यांतले दहापैकी नऊ जण सहा दिवसांत वारले होते. यात चमत्कार काही नव्हता. माणूस जायच्या आधी काही दिवस शरीर बारीक खुणा देऊ लागतं. टाचेची कातडी निराळी लागते, श्वासाचा वास बदलतो, मानेचे स्नायू सैलावतात आणि डोकं हाताला किंचित जड लागतं. एकेकटी खूण क्षुल्लक, म्हणून कुठलंच यंत्र ती मोजत नाही. पण अडतीस वर्षांत लाखभर डोकी उचललेल्या बाईच्या हाताला त्यांची बेरीज जमत होती. भाकरी उलटायची वेळ कशी ओळखतेस, असं बाईला विचारलं तर तिला सांगता येत नाही, हात मात्र वेळेवर जातो. तसंच हे.

मार्थाबाई तेव्हा निवृत्त होऊन लेकाकडे राहत होत्या. फरीदाबाईंनी त्यांना ते चित्रण दाखवलं.

"मी असं करते?" मार्थाबाईंनी विचारलं. मग पडद्यावरच्या एकेका माणसाला त्या नावानं ओळखू लागल्या. "हे गोंधळी मास्तर. ही शेवंता, हिला तीन लेकरं होती. हा..." त्या थांबल्या. "ही सगळी गेलेली माणसं आहेत हो."

"बाई, तुम्हाला कळत होतं का?"

"नाही. देवाशपथ नाही. जरा जास्त माया यायची एवढंच."

त्यानंतर मार्थाबाईंनी घरातलं तान्हं नातवंड उचललं नाही. तान्ह्याला मानेखाली हात द्यावाच लागतो, आणि त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटू लागली होती. पुढच्या वर्षी त्या वारल्या.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशी फरीदाबाईंची गत झाली. तेवढी एक हालचाल काढून टाकायचा त्यांनी प्रयत्न केला. पण विणलेल्या स्वेटरमधला एक धागा ओढावा तसं सगळंच उसवू लागलं. जो हात मरण ओळखत होता तोच हात टाचेवरची लाली ओळखत होता, आणि तो धागा काढला की पाठीच्या जखमा परत आल्या. तोवर बातमी कर्णोपकर्णी झाली होती. रुग्णालयानं आधी उलट युक्ती केली, सगळ्यांच्याच मानेखाली हात घालायचा हुकूम काढला. दोन दिवसांत घाबरलेले नातेवाईक तेवीस पेशंट उचलून घेऊन गेले. मग दुसरा नियम आला, तो अजून चालू आहे. त्याला 'समान स्पर्श' म्हणतात. कुणाच्याही मानेखाली हात घालायचा नाही. उशी आपटायची, डोकं टाकायचं. हात जाऊ लागला की मन घट्ट करून तो मागं ओढायचा. पोरींना आता हस्तस्मृती मिळाल्यावर पुढचे तीन महिने हेच शिकवतात.

नीरजा बंडगर ते शिकली होती. ती तिसऱ्या वर्षाला होती, जत तालुक्यातल्या एका वाडीतली. वडील लहानपणीच गेले. आई कस्तुराबाई डाळिंबाच्या बागांत फळं निवडायच्या कामाला जायची, आणि त्यावर तिनं एकुलत्या एका लेकीला मिरजेपर्यंत पोचवलं होतं.

पावसाळा सरता सरता कस्तुराबाईला थंडी वाजून ताप आला. मूत्रपिंडाला सूज होती. यमुनाबाईत भरती करायचं ठरलं तेव्हा ती घाबरायच्या ऐवजी खूषच झाली. वॉर्डात शिरताच तिनं जाहीर करून टाकलं, "ही माजी ल्येक हाय. मला हिच्याबगर कुणी हात लावायचा न्हाई."

आपल्या माणसाची सेवा आपण करायची नाही, असा नर्सांमध्ये रिवाज आहे. मन गढूळ झालं की हात चुकतो. पण पाटोळे सिस्टरनी परवानगी दिली. त्या जुन्या पिढीच्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांच्या डोक्यावर ती टोपी कधी चढली नव्हती. "आम्ही पाण्याची ऊब बघायला शिकलो ते मोठ्या सिस्टरच्या शिव्या खाऊन," असं त्या पोरींना सांगायच्या, आणि पोरी गालातल्या गालात हसायच्या. त्यांना कुणाच्या शिव्या खाव्या लागल्या नव्हत्या.

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कस्तुराबाईला पहिल्याच दिवशी वॉर्डाची रीत समजावून दिली होती. उशी आपटली तर भलं, मानेखाली हात गेला तर संपलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, सोमवारी घरी जायला हरकत नाही.

गुरुवारी सकाळी नीरजानं आईची पाठ पुसली, पावडर लावली, चादर ताणून घेतली. मग ती उशी सरळ करायला वाकली आणि तिचा डावा हात गेला.

तो आईच्या कानामागून, सुटलेल्या वेणीखालून सरळ मानेकडे निघाला होता. हा हात ती ओळखत होती. दोन वर्षांत तिनं तो चाळीसेक वेळा मागं ओढला होता. आज तिला क्षणभर उशीर झाला. दोन बोटं आईच्या मानेला लागली. मान ऊबदार होती, घामानं थोडी ओलसर होती. नीरजानं हात हिसडून काढला, उशी उचलली आणि जिवाच्या आकांतानं आपटली.

"आगं, क्येवढ्यानं!" कस्तुराबाई हसत म्हणाली. "बरं क्येलंस. आता शंभर वर्सं मरत न्हाई मी."

नीरजानं ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी टाळाटाळ केली नाही. या रुग्णालयात त्या हाताची चेष्टा कुणी करत नाही. हृदयाचा आलेख काढला, पोटाचं चित्र काढलं, रक्त पुन्हा तपासलं. कुठंच काही नव्हतं.

दुपारी ती फरीदाबाईंच्या खोलीत गेली. आता त्यांच्याकडं फारसं कुणी येत नसे.

"मॅडम, हात चुकतो ना?"

"दहातून एकदा."

"मग हा तोच असेल. डॉक्टरांना काहीच सापडत नाहीये."

"कधीकधी सापडत नाही. हात फक्त 'काय' ते सांगतो, 'का' ते त्याला ठाऊक नसतं. म्हणूनच कुणाला वाचवायला तो उपयोगी पडला नाही, नाहीतर..." फरीदाबाईंनी वाक्य सोडून दिलं. "खाटेवर कोण आहे?"

"माझी आई."

फरीदाबाईंनी समोरची खुर्ची तिच्याकडं सरकवली. नीरजाच पुढं बोलू लागली. "मॅडम, मला एकच विचारायचंय. ती माझी आई आहे. माझा हात तिच्या मानेखाली गेला, तर तो मार्थाबाईंचाच कशावरून? माझा स्वतःचा नसेल का? लेकीचा हात आईकडं जाणार नाही का?"

"असेल," फरीदाबाई म्हणाल्या. "खरंच असेल. मार्थाबाईंची हालचाल तुझ्या मेंदूत तुझ्याच वाटेनं जाते. दोन पाट एका ओढ्याला मिळाले की पाणी कुठलं हे सांगता येत नाही. मला तर मुळीच नाही." मग त्यांनी हळूच विचारलं, "याआधी कधी आईला असं धरलं होतंस?"

नीरजानं खूप आठवून बघितलं. "आमच्यात असं कुणी कुणाला धरत नाही मॅडम. मला ताप आला की आई कपाळावर ओली पट्टी ठेवायची आणि बागेत कामाला जायची. दुपारी येऊन परत पट्टी बदलायची."

"हं."

"तिला सांगू का?"

"मला विचारू नकोस, बाळ. हे सगळं मीच करून ठेवलंय."

"तुमच्या आईच्या वेळी तुम्ही काय केलं असतं?"

फरीदाबाईंचे डोळे भरून आले. "माझ्या आईला कुणी धरलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "त्यापायी तर हा सगळा खटाटोप केला."

जिना उतरता उतरता नीरजानं ठरवलं. आईला सांगायचं नाही. हात खरा असेल, तर आईचे हे चार-सहा दिवस भीतीत जायला नकोत. खोटा असेल, तर सोमवारी दोघी घरी जातील आणि ही गोष्ट हसून सांगता येईल. तोवर उशी आपटायची.

शुक्रवारी हात पुन्हा गेला. शनिवारी पाठ पुसताना गेला, दुपारी चहा पाजताना गेला, संध्याकाळी नुसती चादर सारखी करताना गेला. नीरजानं डाव्या मनगटाला पट्टी करकचून बांधली, म्हणजे हात वळला की कळ येईल आणि तिला वेळेवर समजेल. ती आईला दांडगाईनं उठवू लागली, दांडगाईनं निजवू लागली. आईच्या कानाची पाळी उशीच्या शिवणीला घासून लाल झाली. ती लाली नीरजाला दिसत होती, तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी पुढच्या वेळी ती आणखी जोरात आपटायची.

कस्तुराबाईला मात्र अभिमानानं आभाळ ठेंगणं झालं. "बगा माजी ल्येक कशी धसमुसळी," ती शेजारणीला सांगायची. "डाळिंबाचं क्रेट उतरवावं तशी मला उतरवती." शेजारणीच्या डोळ्यांत हेवा दिसायचा. कस्तुराबाईचे बेत वाढत चालले. घरी गेल्यावर परसात मेथी टाकायची होती. कोंबडी अंड्यांवर बसवायची होती. पुढच्या वर्षी नीरू पास झाली की मिरजेला येऊन तिच्यासंगं फोटो काढायचा होता, त्यासाठी लुगडं कुठलं नेसायचं तेही ठरलं होतं. नीरजा हुंकार भरायची. शनिवारी संध्याकाळी तिला क्षणभर वाटून गेलं, की आई इतकी आनंदात आपण कधी बघितली नव्हती, आणि तिला मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं.

रविवारी जेवण झाल्यावर वॉर्ड पेंगुळला होता. कस्तुराबाईला जेवण गेलं नव्हतं. ती छताकडं बघत पडली होती. नीरजा पायांना तेल लावत होती.

"नीरू," कस्तुराबाई म्हणाली, "मान अवगाडल्या गं. जरा हात लाव की खालनं."

नीरजाचा हात थांबला. "थांब, उशी बदलते."

"उशी नगं. हात लाव नुसता. बरं वाटंल."

मान अवघडली तर तळवा देऊन आधार द्यावा. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात, दुसऱ्याच धड्यात हे आहे. कुठल्याही परक्या बाईनंही केलं असतं, इतकं ते साधं मागणं होतं. पण आईला हात लागला आणि हात तीन श्वास तिथं राहिला, तर आईला कळेल, आणि शेजारणीलाही कळेल. बांधलेल्या मनगटातून कळ सुटत होती. हात जायला बघत होता.

"तसा हात लावायचा नसतो आई," नीरजा म्हणाली. "नियम आहे."

कस्तुराबाईनं तिच्याकडं मान वळवून बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "आपट मग."

नीरजानं उशी आपटली. आई डोळे मिटून पडली. "च्या आण जा घोटभर," म्हणाली. नीरजा चहा घेऊन आली तेव्हा पाच-सातच मिनिटं झाली होती, पण कस्तुराबाईचा श्वास थांबला होता. डॉक्टर धावत आले. पाऊण तास खटपट केली. हृदयाच्या झडपेवर जंतूंचं ठाणं बसलं होतं, ते यंत्राला दिसण्याइतकं मोठं नव्हतं, हे नंतर कळलं.

मान खरंच अवघडली होती, की आईला सगळं कळून चुकलं होतं आणि तिनं जाता जाता एकदाच मागून बघितलं होतं? हे नीरजाला कधीच कळणार नाही.

खाटेभोवती पडदे ओढले गेले. "दुसरी पोरगी पाठवू का?" पाटोळे सिस्टरनी विचारलं. "हे तू करायची गरज नाही."

"मीच करते सिस्टर."

पडद्याआड एकटी राहिल्यावर नीरजानं मनगटाची पट्टी सोडली. 'समान स्पर्श' जिवंत माणसांसाठी होता. आता लपवायचं काही नव्हतं, घाबरणारं कुणी नव्हतं. चार दिवस जिवाच्या करारानं ओढून धरलेला हात आता जाऊ दे, तिनं मनाशी म्हटलं. त्याला हवा तितका वेळ राहू दे.

तिनं आईचं तोंड पुसलं, पापण्या मिटवल्या, हनुवटीखालून पट्टी बांधली. अंग पुसलं, कापूस ठेवला, कुशीवर वळवून खालची चादर बदलली. हात सुरेख चालत होते, एकही हालचाल वाया जात नव्हती. आता उशी तेवढी राहिली होती. एका हातानं तिनं चादर धरली, दुसऱ्या हातानं उशी सारली, डोकं नीट झालं. काम संपलं होतं.

हात गेलाच नव्हता.

तिला वाटलं आपण घाई केली. तिनं उशी काढून पुन्हा ठेवली. हात सराईतपणे आला, उशी सारून परत गेला. तिनं तिसऱ्यांदा करून बघितलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. मेलेल्या माणसाशी त्या हाताला काही कर्तव्य नव्हतं. मार्थाबाईंची माया जात्या माणसासाठी होती. गेलेल्याचं त्या फक्त स्वच्छ, नीटनेटकं करत. आईच्या मानेकडं चार दिवस धाव घेत होता तो हात लेकीचा असता, तर आज तर तो गेलाच असता. तो तिचा नव्हता. एकदासुद्धा नव्हता.

नीरजा तिथंच रडली. मग डोळे पुसून तिनं ठरवलं, की आपला आपणच हात घालायचा.

कसा घालायचा ते मात्र तिला येत नव्हतं. मन लावून, स्वतः ठरवून तिनं कुणाचं डोकं कधी उचललंच नव्हतं. हात समोर धरून ती बघत राहिली. तळवा वर की खाली, अंगठा कुठल्या बाजूला, काही सुचेना. तिनं कसाबसा हात आत सारला. बोटांत केस अडकले, मनगट पिळवटलं, डोकं एका बाजूला कललं आणि तिच्या तळव्यावरून निसटून गादीवर पडलं.

आवाज ऐकून पाटोळे सिस्टरनी पडदा सारला. "अगं, हळू! शिकवलं नाही का तुला कुणी?"

"नाही सिस्टर," नीरजा म्हणाली. "कुणीच नाही."

पाटोळे सिस्टरनी एकदा तिच्या हाताकडं बघितलं. मग त्या आत आल्या, पडदा लावून घेतला, आणि नीरजाचा डावा हात स्वतःच्या हातात घेतला. त्यांची बोटं जुनाट आणि खरखरीत होती.

"ही बोटं अशी पसर," त्या म्हणाल्या. "कानामागून ने. केस आधी बाजूला कर, ओढले जातात. हं. आता आणखी आत. घाई नको. वजन आपोआप येऊ दे तुझ्याकडं."

कस्तुराबाईचं डोकं हळूहळू लेकीच्या तळव्यात उतरलं.

"आता?" नीरजानं विचारलं.

"आता काही नाही," पाटोळे सिस्टर म्हणाल्या. "आता नुसतं धरायचं."